लाइन जोडण्याआधी

आमच्या मावसाजींएवढा खोटं बोलणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता, आणि त्यांच्याएवढा भरवशाचाही नव्हता. ते गावच्या टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. तेव्हा आमच्याकडच्या फोनला तबकडी नसे. रिसीव्हर उचलला की मावसाजींचा आवाज येई, आणि नंबर सांगितला की ते समोरच्या फळीवर वायर खोचून लाइन जोडत. सरकारनं त्यांना एवढ्याच कामाला ठेवलं होतं. पण ‘कायले पाह्यजे?’ असं विचारल्याशिवाय त्यांचा हात वायरीकडे जातच नसे. कापडाच्या दुकानाचे जैन शेठजी एकदा शेलूबाजारच्या सख्ख्या भावाला शिव्या घालायला निघाले, तर मावसाजींनी लाइन खराब असल्याचं सांगून त्यांना दोन दिवस ताटकळत ठेवलं. तिसऱ्या दिवशी शेठजींचा राग निवला, तशी लाइनही सुधारली. डॉक्टर घरी नसले तर आज कुणाकडे जेवायला गेलेत ते मावसाजींना ठाऊक, मग ते परस्पर तिथेच जोडून देत. हा माणूस चोरून ऐकतो म्हणून लोक नावं ठेवत आणि अडलं की त्यालाच शोधत.

एका बाबतीत मात्र त्यांना कुणी कधी बोललं नाही. आमच्याकडे मरणाची बातमी तोंडावर सांगत नाहीत. बाहेरगावाहून तसा फोन आला की मावसाजी तो थोपवून धरत, त्या घराजवळच्या दुकानात फोन करत आणि कुणीतरी बाईमाणूस तिथे जाऊन बसल्याचं कळलं की मगच वायर खोचत.

मग आपोआप लाइन जोडणारी मशीन आली. ती बसवायला आलेले टेलिफोन खात्याचे साहेब म्हणाले, हिला डोकं आहे, नंबर ओळखते, कधी चुकत नाही. मावसाजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“आन फोन कायचा हाय, ते समजते का इले?”

त्याची गरज नाही, असं साहेब म्हणाले. मावसाजींना तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसवलं.

दोन महिन्यांनी माझे वडील अकोल्याच्या दवाखान्यात वारले. भर दुपारी मी पोस्टात जाऊन गावाला घरच्या नंबरावर ट्रंक कॉल लावला. मशीन आल्याचं मला माहीत होतं, पण त्या वेळी डोकं ठिकाणावर कुठं होतं? खट्ट आवाज झाला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, “मावसाजी, बाबा गेले.”

पलीकडे आई होती. घरात एकटीच. मी हॅलो हॅलो करत राहिलो.

तेराव्याला मावसाजी माझ्याजवळ येऊन बसले. मी मान वर करू शकत नव्हतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“चूक तुही नाही, पोरा. मीच जाग्यावर नव्हतो.”

त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी आज कितीतरी म्हातारा आहे. माझ्या खिशातला फोन आता माणसासारखा बोलतो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देतो. पण कुणाला वाईट बातमी कळवायची वेळ आली की मी आधी विचारतो, तुझ्याजवळ घरात कोण आहे? कुणीच नसलं, तर काहीतरी खोटं सांगून फोन ठेवतो आणि चपला घालतो.