सिस्टर अक्कांचं 'शे'

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवं इंटरनेट कॅफे निघालं होतं. ड्यूटी संपली की एक नर्स तिथे यायची. बाळंतिणींच्या वॉर्डात कामाला होती. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणायचे. हौशी मराठी कवींच्या एका इंटरनेट मंडळात ती रोमन अक्षरांत कविता टाकायची. प्रत्येक ओळ आधी पुटपुटायची, मग एका बोटाने टाइप करायची.

एकदा तिने आमच्या इकडच्या बोलीत लिहिलं, 'मना हातमा दुसरीनं लेकरू शे.' म्हणजे माझ्या हातात दुसरीचं लेकरू आहे. मंडळातून उत्तर आलं, 'छान. पण 'शे'चं 'आहे' करा, तरच निवडक कवितांत घेऊ.'

शेजारच्या खुर्चीवरून मी म्हणालो, "अक्का, करून टाका. एकच तर शब्द आहे."

ती हसली. "भाऊ, बाळंतीनसंगे मी याच बोलीमा बोलस. कवितामा कसाले बदलू?"

तिने काहीच बदललं नाही. निवडक कविता जाहीर झाल्या, त्यांत तिची नव्हती. ती यादी तिने शांतपणे वाचली, खुर्ची पुढे ओढली आणि नवी कविता सुरू केली. ही तर अख्खीच आमच्या बोलीत होती. माझी ई-मेल अर्धी सोडून मी तिच्या स्क्रीनकडेच बघत राहिलो.