न दिलेली ओ

पाणी आलं तेव्हा माझा हात वहिनीच्या तोंडावर होता. घट्ट दाबलेला होता. ती हसत होती, तिला वाटलं मी खेळते आहे. मग वरून दगड घरंगळल्यासारखा आवाज झाला, तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं. तिने माझ्या तळहाताला कडकडून चावा घेतला आणि मला कातळाच्या उंच बाजूला लोटलं. मला वाचवायला लोटलं की माझा हात सोडवायला, हे मला आजही सांगता येत नाही. पाणी कमरेएवढंच होतं. पण अरुंद घळीत कमरेएवढं पाणी कसं धावतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या हाताला उंबराची एक मुळी लागली, ती मी धरून राहिले. वहिनी खालच्या डोहात गेली.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, जाऊन आता दीड महिना होईल. मी मोखाड्याला असते, तो जव्हारला. बसच्या कंडक्टरने निरोप आणला, "आजी, मास्तर गेले." मी विचारलं, कधी? तर म्हणाला, सकाळी चहा घेऊन बसले ते उठलेच नाहीत. चांगलं मरण आलं. मी रडले नाही, माझ्याने रडवत नाही. पण तेराव्यानंतर शाळेत सभा झाली, तिथे त्याचा एक जुना विद्यार्थी बोलायला उठला. फार चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, "तरुणपणी मास्तरांकडून एक चूक झाली, आणि तिचं ओझं त्यांनी जन्मभर वागवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि गप्प बसले. घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, जमेल तसं लिहिते.

अण्णा संस्थानच्या शाळेत मास्तर होता, तेव्हाची गोष्ट. त्याला एकच नाद, पाणी आणि कडे बघायचा. सुट्टी लागली की काठी घेऊन निघाला. कुठे तळं आहे, ते कुठल्या झऱ्याने भरतं, कुठल्या कड्यावरून दूरचा डोंगर दिसतो, कुठली घळ आत वळते आणि कुठे बुजते, हे सगळं तो जाऊन बघायचा आणि जाड कागदावर पेन्सिलीने काढून आणायचा. लोक विचारायचे, मास्तर, काय मिळतं तिकडे? तो म्हणायचा, "काही नाही. बघून येतो." आमची आत्या त्याला घरातला बैरागी म्हणायची. लग्न झालं तर सुधारेल, असं वाटून त्याचं लग्न लावलं, तर वहिनी त्याच्या वरताण निघाली. पदर खोचून कडा चढायची. गावात नावं ठेवायचे, बायकोला रानात फिरवतो म्हणून. त्या बोलण्याला आळा बसावा म्हणून आत्या मलाही त्यांच्याबरोबर धाडायची. मी बारा वर्षांची, वहिनी अठरा-एकोणीसची. ती मला 'वन्सं, अहो वन्सं' म्हणायची आणि म्हणताना स्वतःच हसायची, कारण मी तिच्या खांद्याला लागत होते.

दाभोश्याच्या अलीकडे एक घळ आहे. मोठा धबधबा सगळ्यांना ठाऊक आहे, ही त्या मानाने लहान. तिथल्या धबधब्यामागे खडकात एक कपार आहे, पण ती एरवी पाण्याआड असायची. वर्षातून एकदाच दिसायची. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पाड्यावरची माणसं वरच्या अंगाला दगड, पाला आणि चिखल घालून ओढा अडवत. पात्र कोरडं पडलं की डबक्यांतले मासे आणि खेकडे वेचत, आणि दुपारी बांध फोडत. त्या अर्ध्या दिवसात कपार उघडी असे. अण्णाला ती आतून बघायची होती, वर्षभर त्याने तोच ध्यास घेतला होता. आम्ही आदल्या संध्याकाळी जाऊन राघोच्या घरी उतरलो. राघो तिथला शेतकरी, अण्णाला रानवाटा दाखवायचा. सकाळी आम्हाला घळीच्या तोंडाशी सोडून तो म्हणाला, "गुरुजी, मी वर बांधावर जातो. दुपार व्हायच्या आत वर या. बांध फोडायच्या आधी आमी कुकारा देऊ. खाली असाल तं ओ द्या, मंग आमी थांबू. ओ नाय आली तं तुमी वर आलां असं समजू."

"आणि ओ द्यायला विसरलो तर?" वहिनी म्हणाली.

राघो हसला. "ओ द्यायला कोन इसरत नाय, बाई. आमची रीत हाय ती."

मी तिथेच उभी होते. मी हे सगळं ऐकलं होतं.

अण्णा कपारीत शिरला. आम्ही दोघी खाली कातळावर बसून नाचणीची भाकरी खाल्ली. ऊन डोक्यावर आलं, अण्णा काही बाहेर येईना. मग वरून हाक आली. लांब, एकच. कूऽऽ अशी. तो राघोचा आवाज नव्हता, दुसऱ्याच कुणाचा होता. पुढे कळलं, त्याच्या भावाचा. आणि मला आत्या आठवली. आत्याने आम्हा पोरींना लहानपणापासून पढवलं होतं, रानात अनोळखी हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हाकामारी एकदाच हाक मारते. ओ दिली की माणूस तिचा झाला. तीन हाका आल्या तरच ते माणूस समजायचं. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, बोलावताहेत." मी म्हणाले, "हा राघो नाही. तीन होऊ देत." ती म्हणाली, "तुमची आत्या आणि तुम्ही..." आणि ओ द्यायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत तसाच धरून ठेवला.

दुसरी हाक आलीच नाही. त्यांच्यात एकच देतात.

अण्णा कपारीत उंचावर होता म्हणून वाचला. त्याने मला वर ओढलं, मग डोहात उड्या मारल्या, किती वेळा ते मी मोजलं नाही. वहिनीला राघोने आणि त्याच्या भावाने काढलं. संध्याकाळी घरी आल्यावर अण्णाने माझा तळहात बघितला. दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. त्याने हळद भरली, आपल्याच धोतराची पट्टी बांधली आणि आत्याला सांगितलं, "खडक लागलाय." खडक लागला असं मी त्याला सांगितलं नव्हतं. मी काहीच बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. बांध फोडणारी चार माणसं आपणहून येऊन आमच्या अंगणात बसली होती. फौजदाराने विचारलं, हाक दिली होती? "दिली." ओ आली? "नाय आली." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्याचा विश्वास बसेना. हाक दिल्याचा पुरावा काय, म्हणाला. चौघे एकमेकांकडे बघायला लागले, कारण रीतीला पुरावा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी दाराआड होते. पट्टी बांधलेला हात मी पाठीमागे धरला होता. तेव्हा अण्णा उठला आणि म्हणाला, "हाक आली होती. मी ऐकली. ओ मी दिली नाही."

"का?"

"चित्र काढत होतो."

चौघे सुटले. वहिनीचे वडील डहाणूकडून आले ते ओटीवर बसले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले, त्यांनी घेतला नाही. अण्णाला एवढंच म्हणाले, "तुम्ही चित्र काढत होता." अण्णा म्हणाला, "हो." त्यानंतर त्या घराने त्याचं तोंड बघितलं नाही. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. कडे बघायचं सोडलं नाही, पण कुठल्या घळीत उतरला नाही. काठावर बसून वरूनच बघायचा.

पुढे माझा मुलगा मोठा झाल्यावर, ओढा अडवायच्या दिवशी, मी त्याला घेऊन तिथे गेले. मी कपारीत उभी राहिले आणि त्याला वर बांधावरून हाक मारायला लावली. मला काहीतरी ऐकू आलं. माणूस की पाखरू, कळलं नाही. पुन्हा मारायला लावली, तर काहीच नाही. तिथून माझा आणखीच गोंधळ झाला. अण्णाला खरंच ऐकू आली असेल? आणि चित्राच्या नादात त्याने ओ दिली नसेल? मग चूक आम्हा दोघांची. की त्याला काही ऐकू आलं नव्हतं, आणि तो त्या चौघांसाठी खोटं बोलला? की पट्टी बांधताना त्याला सगळं कळलं होतं आणि तो माझ्यासाठी बोलला? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. माझ्यासाठी बोलला असेल तर मला त्याचा रागही येतो. मला विचारायला हवं होतं त्याने. दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी मी त्याला विचारलंच. गावाबाहेरच्या कड्यावर बसलो होतो, खाली दरीत धुकं होतं. म्हटलं, "अण्णा, तुला आत हाक ऐकू आली होती का रे?" तो खाली बघतच म्हणाला, "राघोची माणसं सुटली ना?" म्हटलं, सुटली. "तुझं लग्न झालं ना वेळेवर?" म्हटलं, झालं. तर म्हणाला, "मग ऐकू आली होती."

हे उत्तर मी तीन वर्षं उलटसुलट करून बघते आहे, मला त्याचा नीट अर्थ लागत नाही. आता विचारायला माणूस नाही. पण सभेत जे बोललं गेलं ते मला दुरुस्त करायचं आहे. हाक मी ऐकली होती. वहिनी ओ देत होती, मी देऊ दिली नाही. अण्णाचं काय खरं नि काय खोटं ते मला माहीत नाही, माझं मला माहीत आहे.

त्या दिवशी घळीत आम्ही तिघं उतरलो होतो. अण्णा वाचला आणि मी वाचले.