निरोप हाय, बोलू नका

मोखाडा ते खोडाळा या रस्त्यावर आमच्या जीपवाल्या मामाइतका विसराळू माणूस दुसरा नाही, आणि त्याच्याइतकं लक्षात ठेवणाराही दुसरा नाही. मी खोडाळ्याच्या शाळेत मास्तर. अकरा वर्षं त्याच्या जीपमधून गेलो आणि दर आठवड्याला त्याने मला नव्याने नाव विचारलं. पण एकदा शेजारी दाभोशाचा एक म्हातारा बसला, तर मामा आरशात बघून म्हणाला, "तुझ्या बापानं माझ्या पहिल्या गाडीतून बोकड न्हेला व्हता." म्हाताऱ्याला बाप नीट आठवेना, मामाला बोकडाच्या कपाळावरचा पांढरा ठिपकाही आठवत होता.

मी पोरांना शिकवतो, स्मरणाला एक ओसरी असते आणि एक माजघर. नवी गोष्ट आधी ओसरीवर टेकते. घोकून तिला आत घेतलं नाही, तर ती पाणीसुद्धा न पिता निघून जाते. मामाचं माजघर ऐसपैस होतं, ओसरी मात्र जेमतेम दोन पाहुण्यांची.

आणि नेमका हाच माणूस लोकांचे निरोप पोचवायचा! घाटात मोबाईलला रेंज नाही, म्हणून लोक जीपला हात करून निरोप द्यायचे. मामा एका वेळी दोनच घ्यायचा. तिसरा आला की म्हणे, "हात भरलं, पुढल्या जीपला दे." मग ओठातल्या ओठात तो घोकत राहायचा, कारण एकाचा निरोप दुसऱ्याच्या कानी पडणं त्याला पाप वाटे. "निरोप हाय, बोलू नका!" अशी तंबी मिळाली की अख्खी जीप चिडीचूप. उतरायचं झालं तरी पत्र्यावर थाप मारायची. एकदा मला शिंक आली, तेव्हा त्याने असं बघितलं की पुढची सगळी वाट मी नाक धरून बसलो.

चार वर्षांपूर्वी पोशेऱ्याला एक तरणा माणूस धावत आला, मामाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि तसाच पळत गेला. मामाचे ओठ हलू लागले. दोन वळणांनंतर अचानक गुरं आडवी आली. मामाने करकचून ब्रेक दाबला, गुराख्याला चार शेलके शब्द सुनावले आणि पुन्हा घोकायला ओठ उघडले, ते तसेच राहिले.

"मास्तर, निरोप गेला," तो म्हणाला. चेहरा पार उतरला होता. "तो रडत व्हता. कायतरी मोठं व्हतं."

जीप मागे फिरवली, पण रस्त्यावर कुणी नव्हतं. स्टिअरिंगवर हात ठेवून मामा माजघर धुंडाळू लागला. मग हळूच म्हणाला, "त्या पोराच्या लग्नाला माझीच जीप व्हती. नऊ वर्सं झाली. पोरीचं घर खोडाळ्याच्या बाजारामागं. पोर निघाली तवा तिची आयस चाकापुढं बसली, उठंना."

खोडाळ्याला त्या दारात मामाने हात जोडले. "बाय, जावयानं निरोप धाडला, तो मी इसरलो. पर तो रडत व्हता. तू चल."

ती बाई रागावली नाही. "तिला दिस भराया अजून महिना हाय," एवढंच पुटपुटली आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं उचलून जीपमध्ये बसली. आमच्याकडे अडलेल्या बाळंतिणीला जव्हारलाच नेतात, म्हणून मामाने आम्हाला तिथेच उतरवून जीप थेट जव्हारच्या दवाखान्यात नेली. लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिलंच बाळंतपण, तेही अडलेलं. पोरगी ऑपरेशनला आत जायला तयार नव्हती, आई आल्याशिवाय नाही म्हणत होती. ती आली, मग पोरगी आत गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी पोरगी वाचवल्याबद्दल मी मामाला शाबासकी दिली, तर तो म्हणाला, "कसली पोरगी?"

आता जीप मामाचा स्वतःचा जावई चालवतो, मामा शेजारी बसतो. माझं नाव त्याने विचारणंही सोडलंय, आणि याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हाची ती बाळंतीण पोशेऱ्याला लेकीला घेऊन चढली की मामाला सगळी हकिगत सांगते. सांगताना ती चुकली तर आम्ही सांगतो. आम्हाला ती हकिगत तोंडपाठ आहे. गोष्टीत गुरं आडवी येतात तेव्हा मामा घाबरून सीटचा दांडा धरतो. आणि दर वेळी, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, काळजीने विचारतो, "मंग? आयस पोचली का येळंवर?"

"पोचली, मामा," सगळी जीप म्हणते.