गॅरेजमधलं सोवळं

आमचे हे रिटायर झाले आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागले. रिटायर झालेल्या नवऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्याच बायकांना पडतो म्हणा. पण माझा गोंधळ जरा वेगळा होता. आमचे हे तिथे बंदुकीच्या गोळ्या करत होते.

नीट सांगते. आम्ही तेव्हा शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो. यांचा सगळा जन्म लोखंडी कपाटं करणाऱ्या कारखान्यात गेला. शेजारी एक अमेरिकन गृहस्थ होते, रिटायर झालेले पोस्टमन, बायको वारलेली. शनिवारी क्लबात जाऊन कागदावरच्या गोलावर नेम धरायचा, हा त्यांचा छंद. गोळ्या मात्र घरीच ओतायच्या. टायरच्या दुकानातून, चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणायची, ती वितळवायची आणि साच्यात ओतायची. आमचे हे एकदा सहज बघायला म्हणून गेले आणि जेवायची वेळ टळली तरी परतले नाहीत.

यांनी उभ्या जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. मोरीत झुरळ दिसलं तर मला हाक मारणारा माणूस.

"अहो, तुम्हाला कशाला हव्यात गोळ्या?"

"मला नकोत. त्यांना हव्यात."

"मग त्यांना करू देत की."

"अगं, ते मेण लावतात गोळ्यांना. नाहीतर शिसं बंदुकीच्या नळीत बसतं. पण मेणाने सगळं चिकट होतं, धूर होतो. मी म्हटलं, पावडर कोटिंग करून बघू."

पावडर कोटिंग म्हणजे कारखान्यात कपाटांना द्यायचे तो रंग. ओला नसतो तो, कोरडी भुकटी असते. ती धातूवर बसवायची आणि भट्टीत तापवायची, की वितळून चकचकीत थर होतो. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "म्हणजे गोळ्यांना कल्हई." हे इतके खूश झाले, की मला वाटलं आपल्याला सगळं कळलं. तसं काही नव्हतं. नेम धरणारा दुसरा, बंदूक दुसऱ्याची, हे फक्त कल्हईवाले. ज्या वस्तूने जीव जातो तिला इतका सुंदर लाल रंग कशाला, हेही मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "कागदालाच भोक पडतं गं." हळूहळू पोस्टमनसाहेबांचे साचे आणून हे आमच्याच गॅरेजमध्ये गोळ्या ओतायलाही लागले.

एका सकाळी माझा टोस्टर ओव्हन ओट्यावरून नाहीसा झाला. त्यात मी नानकटाई भाजायची, पापड भाजायची. तो सापडला गॅरेजमध्ये, आत लाल गोळ्या ओळीने मांडलेल्या, अगदी नानकटाईसारख्या.

"आणा तो परत."

"आता नाही आणता येणार," हे म्हणाले. "एकदा शिसं गेलं की त्यात अन्न शिजवायचं नाही."

त्याच सुमारास लेक पुन्हा नोकरीवर जायला लागली आणि नात दिवसभर आमच्याकडे येऊ लागली. वर्षाचीही नव्हती. रांगायची, आणि जे दिसेल ते तोंडात. लेकीने गॅरेजचं दार उघडून एकदा आत बघितलं.

"बाबा, हे लेड आहे. यू नो व्हॉट लेड डझ टु बेबीज?"

"वर कोटिंग आहे बेटा. शिसं हाताला लागतच नाही."

"ओतताना लागतं ना? आय ॲम सिरियस, बाबा. नाहीतर मी डे-केअर बघते."

डे-केअर आम्हा दोघांनाही नको होतं. नातीच्या येण्यावरच आमचा दिवस उभा होता. मग पोस्टमनसाहेबांनी स्वतः येऊन यांना नियम समजावले. गॅरेजचे कपडे वेगळे. चपला वेगळ्या. तिथे खायचं-प्यायचं नाही. काम झालं की हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच बाळाला शिवायचं.

मी ऐकत होते आणि मला हसू आवरेना. अहो, हे तर सोवळं. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच होतं. वेगळं लुगडं, वेगळी दोरी, त्याला कुणी शिवायचं नाही. त्या घरात याच माणसाने तरुणपणी बंड केलं होतं, मुद्दाम सोवळ्याला हात लावून उभा राहायचा. आणि आता साठी उलटल्यावर अमेरिकेत, एका पोस्टमनच्या सांगण्यावरून, आंघोळ केल्याशिवाय नातीला उचलत नव्हता. यांचे गॅरेजचे कपडे मी काठीने उचलून वॉशिंग मशीनमध्ये टाकायची. सासूबाई काठीने सोवळं उचलायच्या ते त्याला आपला हात लागू नये म्हणून, आणि मी उचलायची ते आपल्या हाताला त्याचं काही लागू नये म्हणून. यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हे काठी हातात धरून मी पुष्कळदा ठरवायला बघितलं. ठरलं नाही.

पण सोवळं पाळणारा माणूस कुठेतरी चुकतोच. एकदा यांची एक गोळी फार छान उतरली. कुठे डाग नाही, कुठे थेंब नाही. ती मला दाखवायची म्हणून यांनी धुतली, पुसली आणि आंघोळ झाल्यावर घरच्या शर्टाच्या खिशात टाकली. दाखवायचं राहून गेलं. संध्याकाळी लेक न्यायला आली तेव्हा नात आजोबांच्या मांडीवर होती, आणि ती लाल गोळी तिच्या तोंडात.

लेकीने बोटाने गोळी काढली, टेबलावर ठेवली आणि बाळाला घेऊन निघून गेली.

"कोटिंग आहे त्याला," हे बंद दाराकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नात आली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यात शिसं थोडं जास्त निघालं. फार नाही, पण जास्त.

लेक आमच्याकडे आली ती बाळाला कडेवर घेऊनच. खाली ठेवलं नाही. डॉक्टरांकडच्या नर्सचा फोन यायचा होता, तो तिने टेबलावर स्पीकरवर लावला, आम्हालाही उत्तरं द्यायची होती म्हणून. घर किती जुनं, भिंतींचा रंग निघतो का, कुणाचे काही छंद आहेत का.

"यस," लेक म्हणाली. "माय डॅड कास्ट्स बुलेट्स."

हे खाली बघत होते. मला वाटलं, झालं, गुन्हेगार सापडला, आता फोन बंद होईल. पण नर्सचे प्रश्न संपेनात. बाहेरून आणलेले मसाले वापरता का? पितळेची भांडी? बाळाच्या डोळ्यांत काही घालता का, काळं?

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी नातीकडे बघितलं. आंघोळीनंतर मी रोज घालायची तसं तिचं काजळ त्या दिवशी नव्हतं, तरी मला ते दिसायला लागलं. भारतातून कुणीतरी आणलेली डबी होती, वर नाव ना गाव. लेकीलाही ते आवडायचं, फोटो काढायची. नर्स म्हणाली, अशा काजळात कधी कधी शिसं असतं.

"मग कशातून गेलं?" मी लेकीला म्हटलं. "विचार ना तिला."

तिने विचारलं. नर्स म्हणाली, रक्तावरून ते सांगता येत नाही. दोन्ही बंद करा, पुन्हा तपासू.

मी पटकन बोलून गेले, "आधी एकच बंद करूया. म्हणजे कळेल तरी कशाचं होतं ते."

"आई, ती बाळ आहे. एक्सपेरिमेंट नाही."

बरोबरच होतं तिचं. दोन्ही एकाच दिवशी बंद झालं आणि नात डे-केअरला जायला लागली. यांनी भुकटी आणि साचे शेजारी परत दिले. पोस्टमनसाहेब केक घेऊन आले पण उंबरठ्याच्या आत येईनात. म्हणाले, आत्ताच गोळ्या ओतून उठलोय, कपडे बदललेले नाहीत. मी दारातूनच केक घेतला. सासूबाईंनी या माणसाला नक्की स्वयंपाकघरात घेतलं असतं.

घरात आम्ही दोघंच. यांचं म्हणणं, शिसं ते शिसंच, माझ्याच हातून गेलं. माझं म्हणणं, काजळ. रोज डोळ्यांत बोट घालत होते मी.

"अगं, मी किलो किलोने वितळवत होतो."

"पण तुम्ही आंघोळ करत होता."

मला खरंच कळत नव्हतं, की काय निघालेलं मला बरं वाटेल. यांचं निघालं असतं तर यांच्याकडे कसं बघायचं? माझं निघालं असतं तर आरशात कसं बघायचं?

पुढची तपासणी झाली. आकडा उतरला होता. लेकीचा फोन आला, "सोमवारपासून आणते तिला." एवढंच. कुणामुळे वाढला आणि कुणामुळे उतरला, याचा निकाल लागला नाही तो नाहीच.

प्रश्न राहिला ओव्हनचा. हे म्हणाले, कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवू. मी म्हटलं, इथे लोक चांगली वस्तू उचलून नेतात, कुणी त्यात पाव भाजला म्हणजे? मग तो गॅरेजमध्येच ठेवला. काजळाची डबी कुठे टाकावी हेही सुचत नव्हतं, ती मी त्याच्या आत ठेवली. यांनी ओव्हनच्या दाराला चिकटपट्टी लावली.

रविवारी बसून मी यांच्या घरच्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवून टाकले. हे बघत होते.

सोमवारी नात आली. आजोबांच्या मांडीवर बसली आणि सरळ खिशाकडे हात. बोटं आत जाईनात. तिने वरून चाचपलं, बाजूने चाचपलं, शिवण ओढून बघितली. मग बिन-काजळाच्या डोळ्यांनी आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, हे असं कसं झालं म्हणून. मी तिच्या हातात बिस्किट दिलं.