भाऊबंदाला गिळणारा जीव

पासष्ट सालची लढाई सुरू झाली तेव्हा मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही मराठी, पण राहायला हिंदी मुलखात; बाबा तिथल्या तोफांच्या कारखान्यात फिटर. पाळी बारा तासांची झाली होती. सकाळी गेलेले बाबा दिवेलागणीला यायचे.

त्या दिवसांत कॉलेजात, तळ्याच्या पाण्याच्या एका थेंबात मी शिकार पाहिली. हिरव्या युग्लिना पोहत होत्या. एक रंगहीन जीव सरकत आला, त्यानं एकीला तोंड लावलं आणि सावकाश अख्खी गिळली. त्याच्या अंगातून तिचा हिरवा रंग दिसत होता. पुस्तकात त्याचं नाव सापडलं, पेरानेमा. दोघंही एकपेशी.

वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणायच्या, युग्लिना आमची, ती उन्हावर अन्न तयार करते. आमचे सर म्हणायचे, पेरानेमा आपला. शिकार करतो तो प्राणी. मला मात्र दोघांची ठेवण एकच दिसत होती. तसंच अंग आखडत सरकणं, पोहायला पुढं तसाच धागा.

जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा भाऊ मटण खाते, मी नाही खात. म्हणून आम्ही भाऊ नाही काय? काहून भांडून राहिले तुमचे मास्तर?"

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पेरानेमाचं चित्र दाखवून म्हणाले, "शिकार करता है, तो प्राणी हुआ न?"

"नहीं सर. खाने से रिश्ता तय नहीं होता. यह युग्लिना का सगा है. दोनों को साथ रखिए, न पौधों में, न प्राणियों में."

"तो कहाँ?"

"एकपेशी जीवांसाठी वेगळं घर पाहिजे," घाईत मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं.

"किताब में दिखाओ."

आमच्या पुस्तकात ते नव्हतं. पास होण्यापुरते गुण मिळाले. बाहेर आल्यावर सर चिडले, "गप्प बसता आलं नसतं?"

"तुम्हीच सांगता ना सर, आधी स्लाइड बघा, मग बोला."

मला गुणांचं वाईट वाटलं, उत्तराचं नाही.

पुढं आमच्याच शहरात, नेपियर टाउन भागातल्या एका शाळेत मी शिकवू लागले. काही वर्षांनी नवं पुस्तक आलं. त्यात एकपेशी जीवांचं निराळं जगत होतं. एका मुलीनं विचारलं, "दीदी, मग शिकार करणारे सगळे एका कुळातले?"

"नाही," मी म्हटलं. "अमिबाही शिकारी आहे, पण त्याचं कूळ वेगळं. शिकार हा धंदा झाला. नातं अंगाची ठेवण पाहून शोधायचं."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं.