बाईंच्या कानांचा कागद

रॉटरडॅममध्ये मी ज्या बाईंकडे वरची खोली भाड्यानं घेतली होती, त्या वीस वर्षं दर उन्हाळ्यात स्पेनच्या इबिझा बेटावर वाजवायला जात. मे महिन्यात रेकॉर्डच्या दोन पेट्या घेऊन निघायच्या, ऑक्टोबरात रापलेल्या चेहऱ्यानं परत यायच्या. त्या डीजे होत्या. बेटावर शेकड्यांनी डीजे येतात, त्यातल्या बहुतेकांची नावं रस्त्यावरच्या मोठ्या फलकांवर येत नाहीत, त्यांचंही कधी आलं नव्हतं. पण एका क्लबच्या गच्चीवर दर रविवारी दुपारपासून सूर्यास्तापर्यंतची वेळ त्यांची असे. आदल्या रात्रीचे थकलेले लोक तिथं येतात, त्यांना न दुखवता पुन्हा नाचायला उठवायचं, हे आपलं काम, असं त्या सांगत.

करोना आला आणि बेटावरचे क्लब बंद झाले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरात लॅपटॉपचा कॅमेरा लावून काही रविवारी वाजवलं. मग ते सोडून दिलं. समोर माणसं नसली की पुढचं गाणं कोणतं लावायचं हे कळत नाही, म्हणाल्या. त्यानंतर त्या दिवसभर खिडकीत बसून राहू लागल्या.

मला करोना झाला तेव्हा बारा दिवस त्यांनी माझ्या दाराबाहेर सूप आणून ठेवलं होतं. ठेवल्यावर चमच्यानं कठड्यावर टकटक करायच्या. परदेशात माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला फार वाटायचं.

मी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईनं लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय. हातात कागद असला की माणूस बुडत नाही, अशी आमच्या घरात श्रद्धा होती. बाईंकडे कसलाच कागद नव्हता. बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलच्या कंट्रोल रूममध्ये माणसं हवी होती, प्रशिक्षण तेच देणार होते. मी त्यांच्यासाठी अर्ज भरला.

"तपासणी असते?" त्यांनी विचारलं.

"डोळे आणि कान. पाच मिनिटांची."

"मग राहू दे."

परीक्षेला घाबरतात असं मला वाटलं. मी दोन आठवडे पाठ सोडली नाही. माझे वडील बोलणाऱ्याकडे उजवा कान करून बसायचे. मागाच्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवलेली सगळी माणसं तशीच बसतात. बाईही जेवताना मान तशीच वळवायच्या, आणि मी ते रोज बघत होतो. पण संगीतानंही कुणाचे कान जातात हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शेवटी माझं मन मोडू नये म्हणून त्या तपासणीला गेल्या. परत आल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला. आलेखाची रेघ उजवीकडे खाली कोसळली होती. वरचे, बारीक आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते. नोकरी अर्थातच हुकली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "कागदावर नको होतं."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

बेट पुन्हा पूर्ण उघडणार असं ठरलं तेव्हा त्यांना निरोप आला. रविवारची गच्ची अजून तुमचीच आहे, येणार का, आठवड्याभरात कळवा. त्या दोन दिवस खालीच तयारी करत होत्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"तुला यातलं काही कळत नाही, म्हणूनच तुला विचारते. बस आणि ऐक."

पूर्वी त्या हाताच्या सवयीनं वाजवायच्या. काय ऐकू येत नाही याचा विचार करत नसत, आणि सगळं बरोबर येत असे. आता यंत्राशेजारी तो आलेख उघडा होता. रेघ जिथं पडली होती तिथले आवाज त्या बटणांनी वर चढवत होत्या. ठेका सुरू झाला, मग त्यावर झांजेसारखा बारीक आवाज आला आणि सुईसारखा माझ्या कानात गेला. बाई डोळे मिटून हलकेच डोलत होत्या. त्यांना ते आता कुठं नीट ऐकू येत होतं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी "छान आहे" म्हणालो. पण माझे खांदे कानांपर्यंत वर गेले होते, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं.

"टोचतंय?"

मला खोटं बोलायचं होतं. पण त्या गच्चीवर थकलेले लोक असणार होते.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी आवाज बंद केला. मी उठायला लागलो तर हातानंच बस म्हणाल्या. मग माझ्यासमोर फोनवर स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या आणि पाठवून दिल्या. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात बाई रॉटरडॅममध्येच राहिल्या, दर रविवारी दुपारी सायकल घेऊन बाहेर जायच्या आणि अंधार पडल्यावरच परतायच्या.