पटाच्या जोडीवर नोकरीला

आमच्या वाडीतून कुरुंद्याच्या शाळेत रोज जाणारे दोन तऱ्हेचे. आम्ही पोरं पायी जायचो आणि वेळेवर पोचायचो. मुंजाजीमामा तालुक्यातल्या सगळ्यात पळत्या बैलजोडीवर जायचे आणि उशिरा पोचायचे.

मामा शाळेचे शिपाई. अंगानं काडी, मिशी मात्र दोघांची. बोलायचे असे, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी माणूस ओझं खाली ठेवतोय असं वाटावं. "व्हय… येऊन राहिलो… बाबा." तिसऱ्या शब्दापर्यंत त्यांचा दम संपायचा. वाडीतल्या कुठल्याही पोराला विचारा, ते हे वाक्य तसंच म्हणून दाखवेल. पण शेवटचा तो 'बाबा' कुणालाच साधत नाही. त्यासाठी आधी खरंच थकावं लागतं.

जोडीची हकीकत अशी. मामांचे वडील गेले तेव्हा घरात दोन जोड्या होत्या. एक नांगराची. लाल, जाड, सकाळी जुंपली की दिवस कलेपर्यंत तेच एक पाऊल. दुसरी शंकरपटाची, पाखऱ्या आणि बिजल्या. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. ह्या दोघांना जन्मापासून एकच गोष्ट शिकवलेली. सुटायचं, जीव घेऊन पळायचं, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला थांबायचं. तिथं गुळाचा खडा मिळतो. मधलं काही त्यांना ठाऊकच नाही. चालणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वाटणीची रीत आमच्याकडं पक्की आहे. थोरल्यानं वाटण्या पाडायच्या आणि धाकट्यानं आधी उचलायची. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. मामांच्या थोरल्या भावानं, किसनरावांनी, अंगणात एकीकडं नांगराची जोडी आणि मोठी गाडी ठेवली, दुसरीकडं पटाची जोडी आणि पटाची छकडी. पंच बाजेवर बसले. भिंतीवर पोरं, दारात बाया.

"उचल रे मुंजाजी," पंच म्हणाले.

मामा दोन्हीकडं बघत उभे राहिले. सगळी वाडी त्यांच्याकडं बघत होती आणि वाडीचं मन कुठं आहे हे मामांना दिसत होतं. त्यांनी जाऊन पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

वाडीनं टाळ्या वाजवल्या. किसनरावांचं तोंड उतरलं, कारण पटाचा नाद सगळा त्यांनाच. मामांची बायको रुक्माबाई दारातून एवढंच बोलली, "झालं! आता ह्यायला घेऊन काय नांगरता, आभाळ?"

उचललेली वाटणी परत ठेवायची नाही, हीसुद्धा रीतच.

मग दुष्काळ पडला. सरकारी कामावर खडी फोडताना मामांच्या गुडघ्यावर दगड आला आणि तो गुडघा पुन्हा नीट वाकलाच नाही. दुष्काळ सरल्यावर शाळेत शिपायाची जागा मिळाली, पण हंगामी. तीन कोस रोज पायी जायचं म्हटलं तर गुडघा रडायचा. यष्टी यायची ती दुपारी. सायकल घेतली तर आमच्या काळ्या रानात चार महिने तीच माणसाच्या खांद्यावर बसते. राहिली घरची जोडी.

आता पटाची छकडी कशी असते ते सांगतो. दोन चाकं, एक दांडा, आणि बसायला जेवढी जागा तेवढीच जागा. पाठ टेकायला नाही, पाय ठेवायला नाही, पिशवी ठेवायला तर नाहीच. मामा भाकरी पोटाशी बांधायचे. दुपारी गाठोडं सोडलं की भाकरीचा चुरा. एकदा वसमतहून आलेली खडूची पेटी हेडमास्तरांनी त्यांच्या हाती दिली होती, वाडीच्या शाळेत पोचवायला. वाडीच्या गुरुजींनी पेटी उघडली आणि म्हणाले, "हे काय, रांगोळी पाठवली का?"

बैलांचं खाणं मात्र पैलवानाचं. सरकीची ढेप, जवस, आणि थंडीत अंडी. रुक्माबाई म्हणायची, "आमच्या घरी चौघं खाणारे अन् दोघं जेवणारे. जेवणारे गोठ्यात हायेत."

सकाळी वाडीच्या वेशीतून छकडी निघाली की मामा दोन्ही पाय दांड्याला आवळून, कासरा ताणून, मागं झुकून बसायचे. "हळू… हळू रे… माझ्या राजा." बैल कान हलवत नाचत चालायचे. एवढ्यात कुणाची तरी गाडी बाजूला यायची. आमच्याकडं पळती जोडी दिसली की तिला डिवचल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा जणू कायदाच आहे. सत्तरीचा म्हातारा का असेना, शेणखताची गाडी का असेना!

"काय मुंजाजीभाऊ, हून जाऊ द्या की एक शर्यत!"

"न्हाई बाबा, ड्युटीवर हाये."

"अहो, त्या मारुतीच्या पारापर्यंत!"

"नको रे, तकलीफ हाय गुडघ्याला."

बोलणं होईपर्यंत म्हाताऱ्यानं आपल्या बैलाची शेपटी पिळलेली असायची. पुढचं आम्हाला फक्त धुळीत दिसायचं.

यष्टीचे ड्रायव्हर शंकरसिंग तर मोठेच हौशी. बाजारच्या दिवशी जादा गाडी सकाळची असायची. छकडी दिसली की ते भोंगा दाबायचे आणि खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडायचे, "अरे चाचा, पेट्रोल कौनसा डालते हो?" आतली बाजाराला निघालेली माणसं पत्रा बडवायची. पाखऱ्या-बिजल्याला एवढं पुरे.

कुरुंद्यात शिरल्यावर शाळा उजव्या हाताला. तिथं थांबायचं हे मामांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, बैलांना नाही. गावाच्या पलीकडं पटाचं मैदान आहे. लहानपणापासून त्यांचं पळणं तिथंच संपलेलं. म्हणून ते शाळेवरून वाऱ्यासारखे पुढं जायचे. आम्ही प्रार्थनेला उभे, आणि फाटकासमोरून मामा जाताना दिसायचे, टोपी हातात, तोंड आमच्याकडं वळलेलं. "आलो… गुरुजी…" एवढंच ऐकू यायचं.

मैदानाच्या टोकाला बैल थांबले की मामा उतरून गूळ द्यायचे. तापल्या अंगानं बैल बांधला तर आखडतो, म्हणून त्यांना फिरवून गार करायचं, पाय चोळायचे, मग हातानं धरून शाळेपर्यंत आणायचं. तेवढ्यात तास निम्मा झालेला असायचा आणि घंटा दुसऱ्याच कुणीतरी दिलेली असायची.

हेडमास्तर अमृतराव बोलायच्या आधी घसा खाकरतात, चष्मा कपाळावर चढवतात, आणि मग पुस्तकातून वाचल्यासारखं बोलतात. "हं-हं. मुंजाजी, मला एक समजावून सांगा. इतकं वेगवान वाहन असताना माणसाला विलंब होतो कसा?"

"वाहन लई वेगवान हाये म्हनून, सायेब."

वर्गात आम्ही हसून लोळलो. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी मामांना आत बोलावलं. खिडकी उघडी होती.

"गुरुवारी परभणीहून साहेब तपासणीला येत आहेत. तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी त्यांच्यापुढं ठेवणार आहे. पण साहेब फाटकात पाऊल टाकतील तेव्हा साडेदहाची घंटा तुमच्याच हातची झाली पाहिजे. हं-हं. नाहीतर कोणत्या तोंडानं शिफारस करू?"

"व्हय," मामा म्हणाले. मग म्हणाले, "कायम झालं की मंग काय ऱ्हातं, सायेब?"

"म्हणजे?"

"म्हंजी कुरुंद्यातच खोली घेऊन ऱ्हाता येईल. हंगामीचं काय, आज हाये उद्या न्हाई. खोली घेऊन बसलो अन् काढलं तर? कायम झालं की रोजचं हे… संपंल."

हेडमास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणूनच सांगतो, गुरुवार चुकवू नका."

त्या रात्री मामा थोरल्याच्या दारी गेले. आमचं घर किसनरावांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"दादा, एक दिवस तुमची जोडी द्या. गुरुवारी."

"वाटणी झाली मुंजाजी. उचलली तूच."

"परत कुठं ठिवतो? एक दिवस मागून राहिलो. लगी लगी, लवकर निघंन, वेळेवर जाईन."

किसनरावांची बाज करकरली. मग एकदम मऊ आवाज आला. "बरं, घेऊन जा. पन मंग त्या दिवशी मला हात रिकामे. तुझी जोडी माझ्याकडं राहू दे. बसून बसून आखडतेन बिचारी."

आतून त्यांची बायको जनकाबाई म्हणाली, "आखडून राहिली तिकडं, तुमाला कामून ठणकून राहिलं?"

"तू गप बस!"

गुरुवारी मामा लवकर निघाले. धुतलेलं धोतर, टोपी ताठ. मोठ्या गाडीत रुक्माबाईनं ज्वारीचा कडबा पसरून वर घोंगडी टाकून दिली होती. मामा चढले, टेकले, पाय लांब केले. वाटणी झाल्यापासून गाडीत पाय लांब करायची त्यांची ही पहिलीच वेळ. लाल बैल निघाले, डुलत, खुळखुळ, खुळखुळ. आम्ही चालत बरोबर होतो. पाराजवळ शेणखतवाला म्हातारा भेटला. त्यानं नुसतं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. लाल बैलांना कोण डिवचणार?

"असं असतंय व्हय रे," मामा आम्हाला म्हणाले, "गाडीत बसनं."

बैल आमच्याहूनही सावकाश चालत होते. मामांनीच सांगितलं, "जा रे पोरांनो फुडं, मी येऊन राहिलो." आम्ही पुढं गेलो.

साहेब आले. गोरे, जाड, घामेजलेले, जीपमधून उतरले. शाळा ओळीत उभी. फाटकाशी घंटेचा लोखंडी तुकडा लोंबत होता आणि त्याखाली कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी रस्त्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पटाच्या जोडीच्या दिवसांत निदान एकदा समोरून जाताना तरी मामा दिसायचे. आज धूळसुद्धा नव्हती. शेवटी हेडमास्तरांनी कोटाची बाही मागं सारली आणि स्वतः घंटा दिली.

"शिपाई नाही का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"आहे. हं-हं. आहे म्हणजे… येतो."

मामा आले ते दुपारच्या सुट्टीत, पायी, गुडघा ओढत. टोपीला कडब्याची पानं चिकटलेली. साहेब आत जेवत होते. मामा व्हरांड्याच्या खांबाला टेकले आणि आमच्याकडं बघून त्यांनी सांगितलं ते असं:

"डोळा लागला रे. बसल्या जागी. दोन साल झाले, गाडीत डोळा मिटला न्हवता. मिटला असता तर मेलो असतो ना. उठून बघतो तं बैल उभे. म्हनलं, आली शाळा. बघतो तं चारीकडं कापूस! फाट्यावर वळले अन् गेले दादाच्या रानात. रोज तिथंच जायाचं त्यायला. उभे होते गपगार, कवा औत जुंपता म्हनून."

"मग?" आम्ही.

"मंग काय. तसाच निघालो. त्यायला हाकीत आनलं असतं तर सांज झाली असती."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. एक जण हसायला निघाला होता, त्यालाही मध्येच थांबावं लागलं.

साहेब गेल्यावर हेडमास्तर बाहेर आले. खाकरले नाहीत, चष्मा चढवला नाही. त्यांचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो अगदी साधा, कुणाचाही असावा तसा होता.

"यंदाचं राहिलं, मुंजाजी. त्यांनी विचारलं, मला खोटं बोलता आलं नाही."

"बराबर हाये, सायेब."

"पुढच्या वर्षी बघू."

"व्हय. सुटीची घंटा… देऊ का मी?"

"द्या."

शाळा सुटली तेव्हा पटाच्या मैदानाकडून कोणीतरी बैल हातानं धरून येताना दिसलं. किसनराव होते. पागोटं नाही, एका पायात जोडा नाही, धोतराचा सोगा फाटलेला. सकाळी हौसेनं रानाच्या कडेकडेनं एक फेरी मारायला म्हणून त्यांनी छकडी जुंपली होती. पाखऱ्या-बिजल्याला तेवढ्या फेरीची कल्पना नव्हती. भलत्याच वाटेनं, गावाबाहेरून त्यांनी किसनरावांना मैदानावर आणून सोडलं होतं आणि गूळ मिळेपर्यंत ते हलायला तयार नव्हते. किसनरावांजवळ गूळ नव्हता, तो गावातून मागवेपर्यंत दिवस कलला.

दोघं भाऊ फाटकात समोरासमोर आले. किसनरावांनी कासरा पुढं केला.

"घे बाबा तुझी जोडी."

"तुमची तुमच्याच रानात उभी हाये."

"झालं का कायम?"

"न्हाई."

किसनरावांनी छकडीवरची धूळ हातानं झटकली. म्हणाले, "चल, बस. मी कासरा धरतो."

"तुमी बसा, दादा. मी धरतो."

दोघांपैकी कुणीच बसलं नाही. पुढं बैल, मागं रिकामी छकडी, आणि दोन्ही बाजूंना दोघं भाऊ, एक गुडघ्यानं लंगडत, दुसरा एका जोड्यानं. समोरून शंकरसिंगांची यष्टी आली. भोंग्यावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि गाडी कडेला घेऊन दोघांना वाट दिली.

वाडी दिसू लागली तसे मामा म्हणाले, "दादा, उद्या सकाळी लवकर उठवा मला. अंधारातच जुंपीन म्हनतो. तवा रस्त्यावर कुणी नसंल डिवचायला."

"उठवतो," किसनराव म्हणाले.